आज दुपारी चार वाजता माती

एकेकाळी माझ्या पाच वेबसाइट चालू होत्या आणि त्यांतल्या चार कुणीही वाचत नव्हतं.

मी लोहाऱ्यातल्या एका कॉलेजात क्लार्क आहे आणि तिथून जवळच्या आमच्या गावात राहतो. संगणकाचं शिक्षण म्हणावं असं माझं काही झालेलं नाही. कॉलेजचे प्रवेश अर्ज ऑनलाइन झाले तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं, आणि त्यातून हे वेड लागलं. पहिली साइट केली ती आमच्या बोलीतल्या शब्दांची. दुसरी एसटीच्या वेळापत्रकाची; स्टँडवरच्या फळ्याचा फोटो काढायचा आणि घरी येऊन एकेक गाडी उतरवायची. तिसरी शिवारातल्या झाडांची. चौथीवर मी रविवारी सुचेल ते लिहायचो आणि सोमवारी स्वतःच वाचायचो.

पाचवी गावाची. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी, जत्रेत कुस्त्या किती वाजता, आणि गावात कोण वारलं. ही पाचवी मात्र सगळे वाचत. पुण्याला गेलेले, सोलापूरला असलेले, दिल्या घरी गेलेल्या लेकी, सगळे. खरं सांगायचं तर साइटवर कुणी येत नव्हतं, पण मी एक जुगाड केलं होतं. टीव्हीच्या फळीवर एक जुना फोन कायम चार्जिंगला लावून ठेवला होता आणि त्यात एक छोटा प्रोग्राम बसवला होता. साइटवर नवी नोंद आली की तो फोन ती उचलायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. मला बोटही लावावं लागत नसे. लोक म्हणत, "तुमच्यामुळं लई सोय झाली." ते ऐकायला मला फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून आलं.

पाच साइट म्हणजे पाच पासवर्ड आणि पाच ठिकाणची दुरुस्ती. त्यातल्या झाडांच्या साइटमध्ये कुणीतरी घुसलं आणि तिच्यावर रमीच्या जाहिराती दिसायला लागल्या. कॉलेजात प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या लिंबाच्या झाडाला पत्ते कवापासून लागायले हो?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "पाच घरं बांधलीत, एकाला बी धड कडी न्हाय."

तेव्हा ठरवलं की पाचांची एकच साइट करायची. महिनाभर मी त्याच कामात होतो. एका वहीत पायऱ्या लिहून काढल्या: आधी शब्द हलवायचे, मग वेळापत्रक, मग झाडं, असं. शेवटी गाव. त्या वहीत मी हेही लिहिलं होतं की चाचणी घेताना फळीवरचा जुना फोन बंद ठेवायचा. ते वाक्य दुसऱ्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही.

तो दिवस साधा होता. कॉलेजला जाण्याआधी तासभर हातात होता, म्हणून सकाळी सातच्या सुमाराला गावाच्या साइटवरची एक नोंद नव्या साइटवर नेऊन पाहिली. मराठी अक्षरं नीट येतात का, फोटो येतो का, एवढंच बघायचं होतं. जत्रेची नोंद घेता आली असती, पाणीपुरवठ्याची घेता आली असती. मी घेतली ती माजी सरपंचांच्या आईच्या निधनाची, सहा-सात वर्षांपूर्वीची. का घेतली तेही सांगतो. ती मी फार चांगली लिहिली होती असं मला वाटत होतं. "कष्टानं रापलेले हात आणि ओठांवर कायम हसू" असं त्यात एक वाक्य होतं. त्या वाक्याचं तेव्हा पुष्कळ कौतुक झालं होतं. नव्या साइटवर ते कसं दिसतं हे मला बघायचं होतं.

छान दिसलं. मी संगणक बंद केला आणि आंघोळीला गेलो.

माजी सरपंचांना सगळं गाव आण्णा म्हणतं. त्यांच्या वडिलांची दोन लग्नं झाली होती. थोरली आण्णांची आई. धाकटीला एकच लेक. थोरली वारली, तिची ती नोंद. धाकटी अजून होती, ऐंशीच्या पुढं, आणि आण्णा तिलाही आईच म्हणत. आम्ही भावकीतले तिला काकू म्हणायचो. तिची लेक आमच्या सगळ्यांची आक्का. तिला भूमकडच्या एका गावात दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी आक्काच्या काळजात स्प्रिंग टाकली होती, आणि तिला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं.

सव्वादहा-साडेदहाला कॉलेजचा शिपाई चहा घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, तुमी मातीला जाणार न्हाईत का?"

आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात, मग जाळोत की पुरोत.

"कुणाच्या?"

"तुमच्या गावच्या सरपंचाची आई गेली की. तुमच्याच ग्रुपवर आलंय. माझ्या बायकूचं माहेर हाय तिथलं, तिनं दावलं."

मला खरंच वाईट वाटलं. काकू गेली, असं मनात आलं. शिपायाला म्हणालो सुद्धा, "अरेरे, माणूस लई चांगलं होतं." मग खिशातून फोन काढला. त्याचा आवाज बंदच राहिला होता आणि बरेच कॉल येऊन गेले होते. मेसेजमध्ये पेटत्या समईचा फोटो होता, कारण थोरलीचा फोटो तेव्हा कुणाच्या घरात मिळाला नव्हता. खाली लिहिलं होतं: आपल्या गावचे माजी सरपंच यांच्या मातोश्रींचे आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. आज दुपारी चार वाजता मळ्यात माती. त्याच्याखाली कष्टानं रापलेले हात होते आणि ओठांवर कायम हसू.

ते वाक्य वाचल्यावर मला कळलं की काकूला काहीही झालेलं नाही. ते मी केलं आहे.

मजकुरात तारीख नव्हती. मी लिहिताना नुसतं "आज" लिहिलं होतं; ज्या दिवशी वाचायचं त्याच दिवशी लोक वाचणार, मग तारीख कशाला? नव्या साइटचा पत्ता मी फळीवरच्या फोनला आधीच देऊन ठेवला होता; तिनं त्या नोंदीला आजची तारीख लावली आणि फोनला ती नवी वाटली. नावही नव्हतं. बाई गेली की आम्ही अमक्यांच्या मातोश्री, तमक्यांच्या पत्नी असंच लिहितो. आण्णांच्या घरात आई म्हणून आता एकच उरली होती. म्हणजे ती.

बायकोला फोन करून म्हणालो, "फळीवरचा फोन बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"काय केलंत?" तिनं विचारलं. काय झालं, असं तिनं विचारलं नाही.

मग आण्णांना लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा उचलला आणि ते ओरडलेच, "आरं दारात पन्नास माणूस जमलंय! म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलीय अन् बाया तिच्या गळ्यात पडून रडायल्यात. हाय काय हे?"

"आण्णा, चूक झालीय. मेसेज खोटा हाय."

"खोटा हाय ते मला बी दिसतंय की! म्हातारी समोर बसलीय माझ्या. तू भूमला फोन लाव आधी. आमचा कुणी उचलंना."

मी लावला. आक्काच्या सुनेनं उचलला. ती आधीच रडत होती. सासू-सासऱ्यांना ती आत्या-मामा म्हणते.

"मामा अन् आत्या साडेसातलाच निघाल्यात. मीच वाचून दावला मेसेज. आत्यांनी तोंडात पाणी घेतलं न्हाय. फोन हितंच राहिलाय, चार्जिंगला. हे बी पुण्याला हायत."

"निघायच्या आधी आण्णांना फोन करून विचारलं न्हाय का?"

"मयतीच्या घरी असं विचारत असत्यात का हो कुणी, खरंच मेलं का म्हणून?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडं तसं कुणी विचारत नाही. खबर आली की अंगावरच्या कपड्यानं निघायचं. या रिवाजावर माझा ग्रुप चालत होता आणि याच रिवाजानं स्प्रिंग बसवलेली एक बाई एसटीत बसून आईच्या मातीला निघाली होती. आधी बार्शी, मग तुळजापूर, की धाराशिववरून, ते सुनेला माहीत नव्हतं. जवळ फोन नाही. तिच्याबरोबर सत्तरीतले यजमान.

आता माझा दुसरा गुन्हा. पहिला चुकून झाला होता, हा मी जाणूनबुजून केला. ग्रुपवर मी लिहिलं: "साइट हॅक झाली आहे. निधनाचा संदेश खोटा आहे. कृपया कुणीही येऊ नये." रमीच्या जाहिरातींची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळं ते खपणार होतं. लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. माझ्या बोटांनी विचार केला नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. बोटांनी नसेल, पण मी केला होता.

रजेचा अर्ज टेबलावर टाकून मोटरसायकल काढली. तुळजापूरकडून येणारी आमच्याकडची माणसं हायवेवर जळकोटला उतरतात आणि तिथून लोहाऱ्याकडची जीप धरतात. आक्का कुठूनही आली तरी जळकोटला उतरणार. गावात पोचायच्या आधी तिला गाठायचं होतं. आण्णांच्या दारात पन्नास माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी असताना ती जीपमधून उतरली तर काय होईल, हे मला गाडी चालवताना सारखं दिसत होतं. घराजवळ आल्यावर आमच्याकडच्या बाया लांबूनच हंबरडा फोडतात. तो हंबरडा तिच्या काळजाला झेपला नसता.

जळकोटला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. उन्हात जीपवाले "लोहारा, लोहारा" ओरडत होते. मी प्रत्येक जीपमध्ये डोकावलो. मग थांब्यावर उभा राहिलो. नळदुर्गकडून एक गाडी आली, तिच्यातून चार माणसं उतरली. आक्का नव्हती. ती आधीच्या गाडीनं येऊन पुढं गेली असेल तर? आण्णांच्या मुलाला फोन केला. "अजून न्हाय आली," तो म्हणाला, "आमी वेशीत माणूस उभा केलाय."

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. काकूचं माहेर जळकोटचं. तिचा भाचा, साठीचा माणूस, पानाच्या टपरीशेजारी जीप भरायची वाट बघत उभा होता. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायचं असतं, ते घेऊन तो निघाला होता.

"तू हिकडं कसा?" त्यानं विचारलं. "तिकडं कोण बघायलंय सगळं?"

मी सांगितलं. काकू बरी आहे, मेसेज खोटा होता, हॅक झालं. त्यानं काखेतलं लुगडं सावरलं. मग म्हणाला, "मंजी आत्या हाय?"

"हाय. शेंगा फोडायलीय."

त्यानं एकदम खाली बसून घेतलं, हसला, डोळे पुसले आणि मग तापला. "आरं काय चेष्टा हाय का ही! दुकान उघडायच्या आधी दुकानदाराला घरातनं उठवून आणलंय मी. आता ह्या लुगड्याचं काय करू? मयताचं लुगडं परत घेत न्हाईत. बायकूला नेसवू?"

"माफ करा, मामा."

"तू कशाला माफी मागतूस? ज्यानं केलं त्याच्या अंगावर टाकतो हे."

मी रस्त्याकडं वळलो. तोही माझ्याबरोबर थांबला. आम्ही दोघं गाड्या बघत उभे राहिलो. एक गाडी थांबलीच नाही, सरळ उमरग्याकडं गेली. मी तिच्या खिडक्यांतून बघायचा प्रयत्न केला; मला एक पांढरं डोकं दिसलं आणि ती आक्काच होती असं वाटून मी मोटरसायकलला किल्ली लावली. भाच्यानं माझा हात धरला. "त्यो बुवा हुता," तो म्हणाला. मग पुढची गाडी आली.

आक्का मागच्या दारानं उतरली. आधी तिचे यजमान उतरले आणि त्यांनी तिला हात दिला. तिचा चेहरा सुजला होता. डोक्यावरचा पदर मागं गेला होता आणि तिला ते समजत नव्हतं. मी पळत गेलो.

"आक्का, काकू बरी हाय. ऐक, काकू बरी हाय, मेसेज खोटा हुता."

पाच तासांत तिनं मनात जे सगळं पक्कं केलं होतं त्यात माझं बोलणं बसत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, पण तिला मी समजूत घालतोय असं वाटलं असावं. मग तिची नजर माझ्या मागं गेली. तिचा मामेभाऊ, म्हणजे तो भाचा, काखेत लुगडं घेऊन उभा होता.

मला ते सुचलं नव्हतं. एवढा वेळ त्याच्याशेजारी उभा राहून मी त्याला ते लुगडं लपवायला सांगितलं नव्हतं. मी शंभर वेळा सांगितलं असतं की ती जिवंत आहे, तरी माहेरचं लुगडं निघालं म्हटल्यावर आक्काला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. ती "आये" एवढंच म्हणाली आणि तिथं रस्त्याच्या कडेला बसली. छातीवर हात होता. ओठ पांढरे पडले.

यजमानांना पिशवीतली गोळ्यांची डबी उघडेना. मी उघडली. गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. टपरीवाल्यानं पाणी आणलं, ते तिला नको होतं. भाचा लुगडं पाठीमागं धरून रडत होता. मी आण्णांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. एकदा लागला आणि अडकला. दुसऱ्यांदा फक्त आवाज आला, माणसांचा गलका. मी ओरडत होतो, "काकूला दे, काकूला दे." तिसऱ्यांदा पडद्यावर काकूचं कपाळ आणि एक डोळा दिसला. फोन तिनं कानाला लावला होता.

"आये," आक्का म्हणाली.

"कोण मेलं म्हणायलंय गं मला?" काकूचा आवाज आला. "सकाळपासनं माणसं यायल्यात, चहा करून करून सून दमली. तू कुठं हायस?"

आक्का फोनकडं बघत राहिली. तिला विश्वास बसायला वेळ लागला. मग हळूहळू ओठांवर रंग आला. तो येईपर्यंत मी किती वेळ तसाच उकिडवा बसलो होतो मला सांगता येणार नाही. उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते. नळदुर्गच्या दवाखान्यात जाऊ असं मी म्हणालो, पण ती ऐकेना. "मला आईकडं ने," एवढंच. भाच्यानं ओळखीची एक जीप ठरवली, तिला मागच्या सीटवर झोपवलं, आणि मी मोटरसायकलवर जीपच्या मागून निघालो.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेरगावची माणसं अजून होती. आलोच आहोत तर भेटून जाऊ म्हणून बसलेली. आक्का आईजवळ गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. काकू तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. भाच्यानं ते लुगडं कुठं ठेवावं कळेना म्हणून जीपमध्येच ठेवलं होतं, पण काकूला कुणीतरी सांगितलंच. "आणलंय का? दाव की," ती म्हणाली. बाया "नगं, नगं" म्हणायला लागल्या. काकूनं हातात घेऊन पोत बघितला आणि भाच्याला म्हणाली, "जित्तेपणी असलं कधी आणलं न्हाईस." सगळे हसले. आक्का हसली नाही.

मग आण्णांनी तो विषय काढला. "हॅक केलं म्हणं कुणीतरी. गावात मोबाइलमधलं एवढं कळणारा हाय कोण? त्या दुकानवाल्याशिवाय दुसरा कोण न्हाय. मागच्या टायमाला माझ्या विरोधात उभा हुता, अजून पोटात हाय त्याच्या." दोन-तीन जण लगेच उठले. "चला, विचारू त्याला."

मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तो माणूस मला माहीत होता. माझ्या त्या जुन्या फोनची बॅटरी त्यानंच बदलून दिली होती. मी दाराजवळ उभा होतो. त्यांना जाऊ दिलं असतं तर काय झालं असतं? थोडी शिवीगाळ झाली असती, त्यानं शपथा घेतल्या असत्या, विषय मिटला असता, आणि माझी साइट चालू राहिली असती. मी हे सगळं मोजलं. ते उठून चपला घालेपर्यंत मी मोजत होतो.

"आण्णा, हॅक न्हाय झालं," मी म्हणालो. "मीच केलं."

मग जे सांगायचं ते सांगितलं. जुनी नोंद, नवी साइट, फळीवरचा फोन, वहीचं दुसरं पान. अर्ध्या लोकांना ते कळलं नसेल. हॅकचं मी खोटं लिहिलं होतं हे मात्र सगळ्यांना कळलं. कुणी शिवी दिली नाही. आण्णा म्हणाले, "जा आता घरी." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी निघालो तशी आक्काची हाक आली. मी जाऊन तिच्यापुढं बसलो. ती आईच्या मांडीवरून उठली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "गाडीत म्या आईसाठी सगळं रडून घेतलं रं. ती माझ्या बाळंतपणाला कशी आली, कसं न्हाऊ घातलं, सगळं एकेक काढून रडले. शेजारची माणसं बघत हुती तरी रडले. आता खरंच जाईल तवा माझ्याकडं काय न्हाय उरलं."

मी तिचे पाय धरायला गेलो. तिनं पाय आत ओढून घेतले.

त्यानंतर पाचांची एक साइट झाली. ते काम मी सोडलं नाही, पण हळू केलं. गावाच्या साइटवरच्या सगळ्या निधनाच्या नोंदी एकेक करून काढल्या आणि जिथं नाव नव्हतं त्या घरी जाऊन विचारलं. थोरलीचं नाव मला काकूनं सांगितलं. जिच्यावर मी ते छान वाक्य लिहिलं होतं तिचं नाव मला माहीत नव्हतं, आणि तिचे हात मी कधी नीट बघितलेही नव्हते. प्रत्येक नोंदीवर वार, तारीख, साल घातलं. आता ती साइट नुसती पानांची आहे. तिच्यातून आपोआप कुणालाही काही जात नाही. फळीवरचा फोन मी दुकानवाल्याला देऊन टाकला. त्यानं विचारलं, "ह्यात काय बिघडलंय?" मी म्हणालो, काही नाही. माझ्या खोट्या मेसेजमुळं लोक त्याच्या दुकानाकडं निघाले होते, हे त्याला अजून माहीत नाही. हेही मी सांगायला हवं होतं.

काकू गेली ती त्यानंतर दीड वर्षानं, हिवाळ्यात. सकाळी चहा दिला, तो तसाच राहिला. मी पोचलो तेव्हा आण्णा ओसरीवर बसले होते. ग्रुपवर टाकू नको असं त्यांना मला सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "भूमला फोन केला तर ती विश्वास ठेवणार न्हाय. अन् ठेवला तरी मला फोनवर सांगवत न्हाय. जीप घे. तू जा."

"मीच?"

"मग कोण?"

मी आत गेलो. बाया बाजूला झाल्या. काकूच्या पायाला मी हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग जीपमध्ये बसलो.

साडेतीन-चार तासांचा रस्ता. काय बोलायचं ते मी मनात लिहीत होतो. दरवेळी वाक्य चांगलं व्हायला लागलं की मी ते खोडायचो. आक्काच्या दारात जीप थांबली तेव्हा ती अंगणात ज्वारी निवडत होती. तिनं मला बघितलं. हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"ह्या वेळी खरं हाय का?" तिनं विचारलं.

"व्हय, आक्का."

"कुणी हात लावून बघितला का?"

"मी बघितला. पायाला. गार हाय."

तिनं मान हलवली. सूप ठेवलं, सुनेला हाक मारून ज्वारी आत घ्यायला सांगितली, यजमानांना उठवलं. पायात चपला घातल्या आणि कपाटातून गोळ्यांची डबी घेऊन ती माझ्या हातात दिली. "तुला उघडायला येती," ती म्हणाली.

जीपमध्ये ती खिडकीजवळ बसली. बार्शी मागं पडलं, तुळजापूर मागं पडलं. ती रडली नाही. मी ड्रायव्हरशेजारी डबी हातात धरून बसलो होतो आणि आरशातून तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो.